गॅलरीतून फोटो : अर्धा दिवस

कोटेशनमधली ओळ मीच टाइप केली होती. ‘गॅलरीतून फोटो निवडून पाठवण्याची सोय : अर्धा दिवस.’ लॉगिनला एक दिवस धरला होता, प्लॉट नोंदणीला दोन, फवारणीच्या वेळापत्रकाला तीन. फोटोत काय आहे, एक बटण, एक प्लगिन, झालं. ते कोटेशन अजून मेलमध्ये आहे. मी ते उघडत नाही.

काम एका द्राक्ष सल्लागाराचं होतं. नाशिकबाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्या जिल्ह्यात हा एक वेगळा धंदाच आहे. दिंडोरी, निफाड, चांदवडकडचे बागायतदार हंगामाला सल्लागार लावतात. तो बागेत चकरा मारतो आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर आलेले पानाचे, घडाचे फोटो बघून फवारणी सांगतो. आमच्या सरांकडे असे दोनेकशे लोक होते आणि फोनमध्ये हजारो पानं. हे पान कुणाचं, कुठल्या प्लॉटचं, छाटणीचा कितवा दिवस, हे शोधण्यातच त्यांची संध्याकाळ जायची. म्हणून ॲप. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू व्हायच्या आत लोकांच्या फोनमध्ये गेलं पाहिजे, एवढीच अट.

मी कॅमेऱ्याचं बटण पहिल्या पानावर मोठं दाखवलं होतं. सरांनी ते बघितलं आणि म्हणाले, “हे काढा. गॅलरीचं द्या.” बागायतदार सकाळी सहाला बागेत शिरतो, ओळीतून चालताना चार-पाच फोटो काढतो, तिथं रेंज नसते, हात औषधाचे असतात. फोटो जातात ते रात्री जेवण झाल्यावर, ओट्यावर बसून. वेलीखाली उभं राहून कुणी तुमचं ॲप उघडणार नाही. हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं आणि माझी सगळी डोकेदुखीही तिथूनच सुरू झाली.

ॲप हायब्रिड करायचं हे मात्र मीच ठरवलं होतं. हायब्रिड म्हणजे आतून वेबसाइटच, अंगावर कपडे ॲपचे. कॉलेज रोडला आम्ही इनमीन दोन माणसं, मी आणि एक ज्युनिअर मुलगी. अँड्रॉइडला एक आणि आयफोनला एक अशा दोन टीम कुठून आणणार? शिवाय माझा हात यावर फोनगॅपच्या काळापासून बसलेला. फोनगॅप हे हायब्रिड ॲप बनवायचं साधन, आलं २००८ साली. २०११ मध्ये ते बनवणारी कंपनी ॲडोबीनं घेतली आणि कोड अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे जाऊन त्याचं कॉर्डोव्हा झालं. २०२० मध्ये ॲडोबीनं फोनगॅप गुंडाळलं. आता आम्ही कॅपॅसिटर वापरतो. नावं बदलत गेली, पण मूळ गोष्ट तीच राहिली. जावास्क्रिप्ट एका बाजूला, फोनची खरी यंत्रणा दुसऱ्या बाजूला, मध्ये एक पूल. फोटोला त्या पुलावरून यावं लागतं.

माझ्या टेबलावर फोटो पहिल्या दिवशी दुपारीच आला. गॅलरी उघडली, फोटो निवडला, स्क्रीनवर दिसला, सर्व्हरवर गेला. मी त्याला बेस-६४ स्वरूपात, म्हणजे एक लांबलचक अक्षरमाळ करून घेतलं होतं. सोपं पडतं. जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या पुडक्यात, टाकायचं आणि पाठवायचं, फाइलचा पत्ता वगैरे भानगडच नाही. अर्धा दिवस म्हटलं होतं, अर्ध्या दिवसात झालं. ज्युनिअरला म्हटलंसुद्धा, बघ, अंदाज असा लावायचा असतो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सर मला दिंडोरी तालुक्यात एका बागेत घेऊन गेले. बागेचे मालक साठीचे, सगळे त्यांना नाना म्हणत होते, मीही नाना म्हणू लागलो. शेडमध्ये बाजेवर बसून त्यांनी ॲप उघडलं. प्लॉट निवडला, बोटानं सावकाश दोन ओळी लिहिल्या, ‘फोटो निवडा’ दाबलं. गॅलरी आली. पानाचा फोटो दाबला. आणि ॲप पुन्हा पहिल्या पानावर. लिहिलेल्या ओळी गेल्या, प्लॉट गेला, फोटो गेला.

नानांना वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. त्यांनी परत सगळं भरलं. परत पहिलं पान. तिसऱ्यांदा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “साहेब, तुम्हीच करा, माझी बोटं जाड आहेत.” मी केलं. माझ्याही बोटांनी तेच झालं. तेव्हा जरा हायसं वाटलं त्यांना. मला नाही.

फोन तीन जीबी रॅमचा होता. परतताना गाडीत डोक्यात हिशोब चालू होता. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे चार हजार गुणिले तीन हजार, एक कोटी वीस लाख ठिपके. गॅलरीत तो चार-पाच एमबीची फाइल म्हणून निमूट पडलेला असतो, पण उघडला की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे ४८ एमबी मेमरी. वर मी त्याची अक्षरमाळ करणार. बेस-६४ मध्ये तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे फाइल एक तृतीयांशानं फुगणार, आणि ती फुगलेली माळ पुलावरून ओढत आणायची. माझ्या आठ जीबीच्या फोनला हे जाणवलंही नव्हतं.

ऑफिसात येऊन अक्षरमाळ काढली, फाइलचा पत्ता घ्यायला लागलो आणि प्रश्न सुटला असं समजलो. सुटला नव्हता. जुन्या फोनवर दहातून तीन-चार वेळा ॲप तरीही पहिल्या पानावर जात होतं. खरं कारण कळायला आणखी दोन दिवस गेले. गॅलरी हे वेगळं ॲप. ते समोर आलं की आपलं ॲप मागे जातं, आणि मेमरी कमी असली की अँड्रॉइड मागच्याला मारून टाकतं. माणूस फोटो निवडतो, तेव्हा अँड्रॉइड आपलं ॲप नव्यानं सुरू करतं. फोटो येतो, पण त्याची वाट बघत बसलेला कोड जिवंतच नसतो. सांगावा घेऊन माणूस आला आणि घराला कुलूप, तसं.

चूक मुद्दाम घडवता आली तरच ती पकडता येते. त्यासाठी फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाचा एक खटका आहे. तो चालू केला की भारी फोनसुद्धा नानांच्या फोनसारखा वागतो, स्क्रीन मागे गेली की ती मेलीच. हा खटका मला दहा वर्षांपासून माहीत होता. लावला कधीच नव्हता. आता गॅलरी उघडायच्या आधी भरलेली सगळी माहिती फोनमध्ये लिहून ठेवतो, आणि ॲप नव्यानं उठलं की आधी विचारतो, मागचा कुणाचा निरोप राहिलाय का? कॅपॅसिटरमध्ये त्यासाठी ‘ॲप रिस्टोअर्ड रिझल्ट’ नावाची घटना आहे, तिच्यात तो हरवलेला फोटो येतो. कोड पंचवीस-तीस ओळींचा. त्या ओळींपर्यंत पोचायला आठवडा लागला.

फाइलचा पत्ता घेतला की त्याचे वेगळे नखरे असतात. अँड्रॉइड देतं तो पत्ता बऱ्याचदा ‘कंटेंट’नं सुरू होतो. ती फाइलची जागा नसते, फाइल मागायची चिठ्ठी असते. ती थेट चित्राच्या टॅगमध्ये घातली तर वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आतला ब्राउझर, काही दाखवत नाही. कॅपॅसिटर त्याच्यासाठी वेबव्ह्यूला चालेल असा दुसरा पत्ता देतं. त्यावरून फोटो मागवायचा, त्याचा ब्लॉब म्हणजे बाइटांचा गठ्ठा करायचा, तो फॉर्मडेटा नावाच्या पाकिटात घालायचा आणि पाठवायचा. इथपर्यंत ठीक. पण सर्व्हर म्हणतो, फोटो मिळाला नाही. फोन म्हणतो, पाठवला. दोघंही खरं बोलत होते. मी शहाणपणानं हेडरमध्ये, म्हणजे पाकिटावरच्या मजकुरात, ‘मल्टिपार्ट फॉर्मडेटा’ स्वतः लिहिलं होतं. ते आपण लिहिलं की फोटो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगणारी सीमाखूण त्यात येत नाही, आणि सर्व्हरला सगळा एकच गोळा दिसतो. ती ओळ पुसली की ब्राउझर खुणेसकट स्वतःच बरोबर लिहितो. हे ज्युनिअरनं शोधलं. मी तेव्हा खाली चहाला गेलो होतो आणि परत आलो तेव्हा ती काहीच न बोलता फक्त स्क्रीन माझ्याकडे वळवून बसली होती.

त्यानंतर ४१३, म्हणजे ‘पाठवलेलं फार मोठं आहे’ असं सांगणारा सर्व्हरचा आकडा. सर्व्हरवरचं एनजिनएक्स मुळात एक एमबीच्या वरचं काही आत घेत नाही, पीएचपी एका फाइलला दोन एमबीच्या वर घेत नाही. दोन आकडे वाढवले, पाच मिनिटांचं काम.

मग पानं आडवी पडायला लागली. ॲपमध्ये सरळ, सरांच्या लॅपटॉपवरच्या यादीत आडवी. फोन उभा धरून फोटो काढला तरी सेन्सर बहुतेक वेळा आडवाच लिहितो आणि सोबत एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच दडलेल्या माहितीत, आकडा ठेवतो. सहा म्हणजे दाखवताना उजवीकडे नव्वद अंश फिरवा. ब्राउझर तो आकडा वाचतो आणि फिरवतो. आमच्या सर्व्हरवर छोटे फोटो बनवणारी पीएचपीची जीडी लायब्ररी वाचत नाही, म्हणून मोठा फोटो सरळ आणि छोटा आडवा. पानाला वर-खाली असतं का, चालेल की, असं मी सरांना म्हणून बघितलं. ते म्हणाले, “पानाला नसेल, घडाला असतं.” फिरवायचं काम फोनवरच उरकून टाकलं.

पुढे जे झालं ते मला तांत्रिक वाटलंच नव्हतं. फोटो हलके व्हावेत म्हणून मी लांबी ८०० पिक्सेलवर आणली होती आणि दर्जा शंभरपैकी ५० ठेवला होता. ५० का? कॉर्डोव्हाच्या जुन्या कॅमेरा प्लगिनमध्ये काही सांगितलं नाही तर तो ५० धरायचा, तीच सवय. फाइल शंभर केबीच्या आत, झटकन जायची, मी खूश. एक दिवस सरांनी बोलावून घेतलं. एका बाजूला ॲपवरून आलेला फोटो, दुसऱ्या बाजूला तोच फोटो बागायतदाराकडून केबलनं घेतलेला.

“हे पान बघा. वरून तेलकट पिवळट डाग आहे, म्हणजे डावणीचा संशय. मी म्हणतो, पान उलटं करून फोटो पाठव. खालून पांढरी बुरशी दिसली की डावणी पक्की. आता तुमच्या फोटोत खाली काय दिसतं ते मला सांगा.”

राखाडी चौकोन दिसत होते. केबलच्या फोटोत त्याच जागी कापसासारखी बारीक लव होती, डागाच्या आकारातच उगवलेली.

जेपेग फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकून देतं. माणसाच्या चेहऱ्याला ते खपून जातं. बुरशी म्हणजे नुसता बारीक तपशीलच. भुरी हा द्राक्षावरचा दुसरा बुरशीचा रोग. भुरी आणि डावणी दोन्ही पांढऱ्या, पण भुरी पिठासारखी भुरभुरलेली, पानाच्या वरच्या बाजूलाही. भुरीला गंधक चालतं, डावणीला त्याचा उपयोग नाही. म्हणजे मी वाचवलेल्या केबींपायी सरांनी चुकीची फवारणी सांगितली असती, आणि औषधाची टाकी काही फुकट भरत नाही.

मग आम्ही एकाच पानाचे नऊ फोटो केले, वेगवेगळ्या लांबीचे आणि दर्जाचे, त्यांवर नुसते क्रमांक टाकले आणि सरांना आकडे न सांगता दाखवले. ते चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावायचे आणि म्हणायचे, हा चालेल, हा नाही, हा नाही. लांबी २००० आणि दर्जा ८० याच्या खाली त्यांनी एकही घेतला नाही. वरच्यात त्यांना फरक दिसला नाही. तो आकडा कोडमध्ये टाकला आणि शेजारी शेरा लिहिला, ‘सरांना विचारल्याशिवाय बदलू नये.’ माझ्या सगळ्या कोडमध्ये एवढा भक्कम आधार असलेला दुसरा आकडा नाही.

फोटो मोठे झाले तशी रेंज आडवी आली. वस्तीवर दोन काड्या, त्याही कोपऱ्यात उभं राहिलं तर. एका ताईंनी फोटो जात नाही म्हणून ‘पाठवा’ सात वेळा दाबलं, आणि रेंज आल्यावर सातही गेले. सरांच्या यादीत एकच पान सात वेळा. आता फोटो निवडला की ॲप लगेच त्याला एक क्रमांक देतं आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर हसून सोडून देतो. निवडलेला फोटो प्लगिन तात्पुरत्या कॅशमध्ये ठेवतं, आणि फोन भरला की ती जागा अँड्रॉइड विचारल्याशिवाय झाडून काढू शकतं. म्हणून त्याची प्रत आम्ही ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये घेतो आणि रांगेत लावतो. ॲप मागे गेलं की जावास्क्रिप्ट चालत राहील याचा भरवसा नाही, तेव्हा ‘आपोआप जाईल’ असं आम्ही कुठेही लिहिलं नाही. लिहिलंय, ‘दोन फोटो जायचे राहिलेत, रेंजमध्ये आल्यावर ॲप उघडा.’ हे लोकांना नीट कळतं. गोल फिरणाऱ्या चक्रापेक्षा तर नक्कीच.

परवानगीचं प्रकरणही निस्तरलं. मी जुन्या सवयीनं सगळ्या फोटोंची परवानगी मागत होतो. अँड्रॉइड १३ मध्ये फोटोंची परवानगी वेगळी काढली गेली आणि फोनचा स्वतःचा फोटो पिकर आला. त्याच्यातून माणूस चार फोटो निवडतो आणि ॲपला तेवढेच मिळतात, परवानगी लागतच नाही. मागणी काढून टाकली. सरांच्या आयफोनवर मात्र बटण दाबून काहीच होईना, कारण फोटो कशाला हवेत याचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं. ॲपलला ते वाक्य लागतं आणि तेच माणसाला दिसतं. मी मराठीत लिहिलं, ‘पानांचे व घडांचे फोटो सल्लागारांना पाठवण्यासाठी.’

सरांची आणखी एक मागणी होती, फोटोवरून प्लॉट आपोआप ओळखा. फोटोत जीपीएस असतंच ना! असतं, पण अँड्रॉइड १० पासून गॅलरीतला फोटो दुसऱ्या ॲपला देताना ठिकाण गाळून दिलं जातं, वेगळी परवानगी घेतली नाही तर. आणि एका बागायतदाराच्या कुठल्या घरी, कुठल्या वस्तीवर काय आहे हे आपल्याकडे कशाला, हेही मला वाटत होतंच. मी प्लॉटची नावं लोकांनाच लिहायला लावली. ‘प्लॉट १, प्लॉट २’ असं कुणीही लिहिलं नाही. ‘विहिरीजवळचा’, ‘रोडकडचा’, ‘मोठ्या भावाच्या वाट्याचा’, ‘जुना थॉमसन’ अशी नावं आली. जीपीएसनं हे सांगितलं नसतं.

एक्झिफमधली तारीख मात्र मिळते, आणि सरांना तीच जास्त हवी होती. छाटणीचा कितवा दिवस त्यावरून निघतो. फक्त ती फोटो लहान करायच्या आधी काढून घ्यायची. फोटो लहान करणाऱ्या कॅनव्हासमधून तो बाहेर आला की एक्झिफ उरत नाही, हे मला एकदा सगळ्या फोटोंवर आजचीच तारीख आल्यावर कळलं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतही ती नसते. अशा फोटोखाली आम्ही बारीक करड्या अक्षरांत ‘तारीख नाही’ असं दाखवतो.

डिसेंबरात एका रात्री साडेदहाला सरांचा फोन आला. ‘जुना थॉमसन’ या प्लॉटवर एक फोटो आला होता. टपोरा, काळाभोर घड. थॉमसन ही हिरव्या द्राक्षाची जात, आणि त्या बागेची छाटणी होऊन तेव्हा कसेबसे साठ दिवस झाले होते.

“तुमचं ॲप एकाचे फोटो दुसऱ्याला लावतंय का?”

मी लॅपटॉप उघडला, नोंदी बघितल्या. क्रमांक बरोबर, फोन बरोबर, प्लॉट त्या माणसानंच निवडलेला. फाइलच्या नावात व्हॉट्सॲपचं डब्ल्यूए. म्हणजे फॉरवर्ड. तसं सांगितलं. सरांनी त्या बागायतदारालाच फोन लावला आणि दहा मिनिटांनी मला परत केला. मेव्हण्यानं मागच्या हंगामातला फोटो पाठवला होता. बागायतदाराला विचारायचं होतं, असा माल आपल्याकडं यायला काय मारावं लागेल?

“मग काय सांगितलं?”

“काळा माल हवा तर आधी शरद लाव म्हटलं. आणि तुम्ही ते ‘तारीख नाही’ जरा मोठ्या अक्षरात करा, मला दिसलंच नाही ते.”